मूल नेमके कुठे अडले आहे?

शिक्षक-प्रशिक्षणात एक तक्ता ठाण मांडून बसला आहे. त्यात मुलांचे तीन-चार गट पाडलेले असतात : पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी, वाचून-लिहून शिकणारी आणि हाताने करून शिकणारी. ‘अध्ययनशैली’ या नावाने हे प्रकरण बी.एड.च्या पुस्तकांत येते, परीक्षेत त्यावर प्रश्न पडतो आणि नोकरीला लागल्यावरही तोच उपदेश कानावर येत राहतो. प्रत्येक मुलाची शैली ओळखा, त्या शैलीत शिकवा, म्हणजे मूल शिकेल; आणि मूल शिकू लागले की वर्गातला दंगा आपोआप कमी होईल. या उपदेशाचा शेवटचा भाग बराचसा खरा आहे. पहिला भाग खरा नाही, आणि त्याच्या नादी लागल्यामुळे आपण त्या शेवटच्या भागापर्यंत पोहोचत नाही, असे माझे म्हणणे आहे.

चार प्रकारांची ही लोकप्रिय मांडणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची. कॉलीन मिल्स यांच्यासोबत त्यांनी ती १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. अशा मांडण्या आधीही होत्या आणि नंतरही निघाल्या. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आढावा घेतला, तेव्हा अध्ययनशैलीच्या तब्बल ७१ वेगवेगळ्या मांडण्या हाती लागल्या. एकाच मुलाचे ७१ प्रकारे वर्गीकरण होऊ शकत असेल, तर त्यातले कोणते शिक्षकाने धरायचे, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनिएल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी विचारला. शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, हे सिद्ध करायचे तर काय दाखवावे लागेल? ‘पाहणारी’ आणि ‘ऐकणारी’ अशी मुले आधी निवडायची. दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून शिकवायचे, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. पाहणाऱ्यांना चित्रांतून जास्त आले आणि ऐकणाऱ्यांना बोलण्यातून जास्त आले, असा उलटसुलट निकाल लागला तरच शैलीचा दावा टिकतो. या कसोटीला उतरणारा पुरावा त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. कसोटी नीट लावणारे थोडे अभ्यास मिळाले, पण त्यांतलेही काही दाव्याच्या विरोधात जाणारे होते. तरीही २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारले गेले तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांनी शैलीवर विश्वास असल्याचे सांगितले. आपल्याकडे तशी विचारणा झाली तर उत्तर वेगळे येईल, असे मला वाटत नाही.

हॉवर्ड गार्डनर यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. १९८३ मध्ये त्यांनी बुद्धी एक नसून अनेक आहेत, असे मांडले. ती मांडणी वेगळी आणि अध्ययनशैली वेगळी, हे त्यांनी स्वतः स्पष्ट सांगितले आहे. आपल्या प्रशिक्षणांत मात्र दोन्ही एकाच पानावर छापल्या जातात.

शैली मुलाची नसते. ती बहुतेक वेळा विषयाची असते. महाराष्ट्राचा नकाशा कुणालाच नुसता ऐकून कळत नाही, तो पाहावा लागतो, बोट फिरवून शोधावा लागतो. ओवीची लय कानानेच कळते, मग मूल ‘पाहणारे’ असो की ‘करणारे’. एक लिटरचे माप आणि पाव लिटरचे माप यांतला संबंध बादलीतून पाणी ओतल्याशिवाय चौथीतल्या कोणत्याच मुलाच्या मनात घट्ट बसत नाही. चित्र, बोलणे, कृती, लेखन ही चारही साधने चांगला शिक्षक वापरतोच. ती सगळ्या मुलांसाठी वापरायची असतात आणि कोणते कधी, हे धडा ठरवतो. इथपर्यंत कुणाचे नुकसान नाही. नुकसान होते ते शिक्का बसल्यावर.

‘हा करून शिकणारा मुलगा आहे’ असे एकदा ठरले की त्याच्याकडून वाचून घेण्याचा आग्रह हळूहळू सैल होतो. हे कुणाच्या बाबतीत होते, तेही पाहा. ज्याचे आईबाप मजुरी करतात, ज्याच्या घरात पुस्तक नाही, ज्याला वाचनाचा सराव मिळाला नाही, त्याच्यावर ‘हाताने शिकणारा’ हा शिक्का सहज बसतो. पूर्वी त्याला ‘ढ’ म्हणत. आताचा शब्द गोड आहे, पण मुलाला पुस्तकापासून दूर ठेवण्याचे काम तो तितक्याच सहजपणे करतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेचे शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, अशी मागणी केली होती. अशा शिक्षकांना त्या मुलांत मिसळता येईल, त्यांच्या गरजा कळतील, हे त्यांचे कारण होते. शिक्षक आणि मूल यांच्यातले अंतर हा शिक्षणाचाच प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. प्रश्नावली भरून घेऊन मुलाला कप्प्यात टाकल्याने ते अंतर वाढते.

मग मुलांमध्ये फरक नसतोच का? असतो, फार मोठा असतो. पण तो पाहण्या-ऐकण्याच्या आवडीचा नाही.

सहावीचा गणिताचा तास घ्या. फळ्यावर भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. त्यासाठी लसावि काढता यायला हवा, लसाविसाठी पाढे हवेत, पाढ्यांसाठी बेरजेवर हात बसलेला हवा. मागच्या बाकावर एक मुलगा आहे, त्याला हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही. दशकाच्या घरातून एक दहा फोडून एककाच्या घरात आणायचे म्हणजे काय, ही गोष्ट दुसरी-तिसरीत त्याच्या हातून निसटली आणि ती पुन्हा कुणी उचलून दिली नाही. या मुलासमोर आता पस्तीस-चाळीस मिनिटे आहेत. फळ्यावर जे चालले आहे त्यातले काहीच त्याच्यासाठी नाही. अकरा वर्षांच्या निरोगी मुलाने हा वेळ कसा काढावा? तो शेजाऱ्याची पेन्सिल लपवतो, पुढच्याच्या पाठीत कोपर खुपसतो, पाणी प्यायला जाऊ का म्हणून तीनदा विचारतो. शिक्षकांनी नाव घेऊन प्रश्न विचारला तर तो काहीतरी वेडेवाकडे बोलून वर्गाला हसवतो. कारण ‘मला येत नाही’ हे चाळीस जणांसमोर सांगण्यापेक्षा वात्रट ठरलेले त्याला परवडते. शिक्षक-खोलीत त्याची नोंद ‘वांड’ अशी होते. त्याचा खरा प्रश्न वजाबाकीचा आहे.

अशी मुले थोडी नाहीत. २००५ पासून निघत असलेल्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालांनी हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे की ग्रामीण भारतात पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नाही. पाचवीचे पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांच्या दप्तरात असते. म्हणजे एका वर्गात शिक्षक एकाच धड्याला हात घालतो तेव्हा त्याच्यासमोर प्रत्यक्षात तीन-चार इयत्ता बसलेल्या असतात. मुलांमधला हा फरक मोजता येतो, त्यावर उपाय करता येतो, आणि वर्गातल्या वागण्याशी त्याचा सरळ संबंध आहे.

दुसरा फरक भाषेचा. मेळघाटातल्या कोरकू घरातले मूल पहिलीत येते तेव्हा शिक्षकाची मराठी त्याला परकी असते. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाच नाही. तिचे नाते मुंडारी, संथाळी यांच्याशी आहे. गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारात भिली आणि पावरी, पालघरात वारली, बंजारा तांड्यावर गोरबोली. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात पहिलीतले आदिवासी मूल महिनोनमहिने गप्प बसते आणि ‘अबोल’, ‘मंद’ ठरते. त्याला घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा, मग ते किती बोलते ते कळेल.

तिसरा फरक शरीराचा. फळ्यावरचे उतरवताना सतत चुकणाऱ्या मुलीला कधी कधी फक्त चष्मा हवा असतो. कानात पू झालेल्या मुलाला सूचना अर्धवट ऐकू येतात आणि तो ‘लक्ष नसलेला’ म्हणून बोलणी खातो. काही मुलांना अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणेच अवघड जाते. बुद्धी उत्तम असूनही वाचन अडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. महाराष्ट्रात दहावीला अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र त्यासाठी लागणारी तपासणी आणि प्रमाणपत्र मुंबई-पुण्याच्या पालकाला जितके जवळ आहे, तितके अहेरी किंवा धडगावच्या पालकाला नाही. तिथले मूल ‘शिकतच नाही’ या एका वाक्यात शाळेबाहेर जाते.

आणि घर. बीडचे ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन बाहेर पडते आणि हंगाम संपल्यावर परतते. मधले पाच-सहा महिने मूल कारखान्याच्या तळावर असते किंवा आजीजवळ गावात. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. या मुलाची चिडचिड, मारामारी, शाळा बुडवणे यांचे मूळ शोधायला कोणतीही शैली-चाचणी उपयोगाची नाही. हजेरीपत्रक पुरे आहे.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. वर्गातल्या वागणुकीचा प्रश्न म्हणून आपण ज्याची चर्चा करतो, त्यात फक्त आवाज करणारी मुले येतात. अडलेल्या मुलांतली निम्मी-अर्धी गप्प असतात, आणि त्यांत मुली पुष्कळ. त्या फळ्यावरचे सुवाच्य अक्षरात उतरवतात, वही पूर्ण ठेवतात, कुणाला त्रास देत नाहीत, आणि उतरवलेले त्यांना वाचता येत नाही. त्यांना ‘गुणी’ म्हणून पुढे ढकलले जाते. दंगा करणाऱ्या मुलाने निदान शिक्षकाचे लक्ष तरी मिळवलेले असते. म्हणून शिस्त हे वर्गाच्या आरोग्याचे माप मानायला मी तयार नाही. शांत वर्गात शिकणे चालू असतेच असे नाही.

शिक्षकांची बाजू मात्र पूर्ण ऐकली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने १७व्या कलमान्वये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. अंगठे धरायला लावणे, कोंबडा करणे, पट्टीने हातावर मारणे, वर्गासमोर अपमान करणे हे सगळे त्यात आले. बंदी योग्य आहे आणि तिच्यात तसूभरही ढिलाई नको. पण बंदी आली तेव्हा पर्याय कुणी शिकवला नाही. वर्षानुवर्षे छडी हेच ज्यांच्या हातातले एकमेव साधन होते, त्यांना एका परिपत्रकाने ते खाली ठेवायला सांगितले गेले. ‘आमचे हात बांधले’ ही शिक्षकांची तक्रार त्यातून आली. आज मुलाला मोठ्याने रागावले तरी पालक मोबाइल घेऊन दारात उभे राहतात, ही भीतीही खोटी नाही. एका मुलाने तास उधळला तर बाकीच्या ३९ मुलांच्या शिकण्याचे काय, हा शिक्षकाचा प्रश्न तर रास्तच आहे.

‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. तो करणारे सगळे शाळेत टिकलेले लोक आहेत. माराच्या भीतीने चौथीतच दप्तर टाकून गुरांमागे गेलेले साक्ष द्यायला इथे नाहीत. त्यांचे म्हणणे कुणी नोंदवले असते, तर छडीबद्दल आपले मत वेगळे झाले असते. शिवाय ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, त्याला मारल्याने ती येत नाही. मार खाल्ल्यावर ते मूल आपले न येणे अधिक चांगले लपवायला शिकते, आणि शिक्षकाला ते पुढे शोधणे आणखी अवघड होते. शिक्षेचे हे नुकसान मला सगळ्यांत मोठे वाटते.

पर्याय काय, याचे एक ठोस उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांच्या कामात मिळते. वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी दटावले आणि बाकीचे विद्यार्थीच सावरून बसले. यातून त्यांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी वर्गांचे चित्रण करून बारकाईने अभ्यास केला आणि १९७० मध्ये निष्कर्ष मांडले. मूल चुकीचे वागल्यावर शिक्षक काय करतो, रागावतो की समजावतो, यावरून शिस्तीचे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग वेगळे काढता येईनात. फरक पडत होता तो आधीच्या वागण्याने. चांगल्या वर्गातल्या शिक्षकाचे डोळे सगळीकडे असत आणि हे मुलांना ठाऊक असे. तो एकाच वेळी दोन गोष्टी हाताळू शके. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग रेंगाळत नसे. आणि मुलांच्या हाताला करण्याजोगे काम असे.

आपल्या शाळेत याचा अर्थ अगदी साधा आहे. परिपाठ संपून मुले वर्गात येतात तेव्हा फळ्यावर आधीच काहीतरी लिहिलेले असावे, म्हणजे हजेरी होईपर्यंतची पाच मिनिटे मोकळी पडत नाहीत. वह्या वाटायला दोन मुले ठरलेली असावीत. प्रश्न आधी विचारावा, थोडे थांबावे, आणि मग नाव घ्यावे. नाव आधी घेतले तर बाकीचे विचार करणे सोडून देतात. शिकवताना फळ्यापाशी खिळून न राहता बाकांमधून फिरावे, विशेषतः शेवटच्या रांगेत. नियम चारच असावेत, पण ते सोमवारी जसे पाळले जातात तसेच शुक्रवारीही पाळले जावेत. रागवायचे असेल तर तास संपल्यावर, एकट्याला बाजूला घेऊन. कारण चाळीस जणांसमोर मुलाला मागे हटता येत नाही. इतके करूनही एखादा मुलगा दुसऱ्याला मारत असेल, तर त्याला ठामपणे थांबवणे आणि इतरांपासून दूर बसवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. प्रेमळ असणे आणि ढिला असणे या दोन गोष्टींची आपल्याकडे उगाच गल्लत होते.

पण काम मुलाच्या पातळीचे नसेल, तर यातले काहीही फार काळ चालत नाही. मुळाशी आपण पुन्हा तिथेच येतो.

गिजुभाई बधेका हे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम करणारे शिक्षणतज्ज्ञ. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक लक्ष्मीराम चौथीचा वर्ग हाती घेतो आणि पहिल्याच दिवशी त्याचा बेत कोसळतो. घरी आखलेला शांततेचा खेळ मुले आरडाओरडा करून उधळून लावतात. तो मुलांवर चिडत नाही. आपला बेत चुकला, हे ओळखून दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. वर्ग ऐकू लागतो आणि मग त्याच गोष्टींतून वाचन, नाटक, खेळ हे सगळे येते. मुलांचे वागणे ही आपल्या शिकवण्याबद्दलची माहिती आहे, असे मानणारा शिक्षक गिजुभाईंनी नव्वदेक वर्षांपूर्वी उभा केला.

त्याच परंपरेतल्या ताराबाई मोडक भावनगरहून महाराष्ट्रात आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी वारली मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. यावर ‘पालकांना महत्त्व कळत नाही’ असा शेरा मारून फाइल बंद करता आली असती. त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षक गेला. मुलाच्या गैरहजेरीला त्यांनी गुन्हा मानले नाही, तिचे कारण शोधले आणि शाळेची जागा बदलली. महाराष्ट्राच्या शिक्षणात इतका धीट निर्णय फार थोड्यांनी घेतला असेल. कोल्हापुरात १९८५ मध्ये लीलाताई पाटलांनी सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानेही शिक्षा आणि स्पर्धा यांच्याशिवाय शाळा चालू शकते, हे मराठी माध्यमात करून दाखवले.

हे सगळे असामान्य माणसांचे काम, सामान्य शाळेत ते कसे जमणार, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर मुंबईतूनच आले आहे. १९९० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. महापालिकेच्या शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि वाचन-गणिताच्या पायाभूत गोष्टी करून घेई. मुंबई आणि बडोद्यातल्या या कामाची पारख अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांनी केली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांचे सर्वांत जास्त. त्या बालसख्यांकडे बी.एड. नव्हते. त्यांनी कुणाची शैली तपासली नव्हती. मूल अक्षरावर अडले आहे, शब्दावर की वाक्यावर, एवढे त्या पाहत आणि तिथून सुरुवात करत.

यात एक धोका आहे, तो लपवू नये. पातळीप्रमाणे गट करायचे म्हटले की आपल्याकडे लगेच तुकड्या पडतात. ‘अ’ तुकडीत हुशार, ‘ड’ तुकडीत उरलेले, आणि ‘ड’ला शाळेतला सर्वांत कंटाळलेला शिक्षक. त्या तुकडीतले मूल वर्षभर, बहुधा दहावीपर्यंत, तिथेच राहते आणि आपल्याबद्दलचे शाळेचे मत खरे करून दाखवते. मी ज्या गटांबद्दल बोलतो आहे ते दिवसातल्या तासा-दोन तासांपुरते, एका कौशल्यापुरते असतात आणि दर काही आठवड्यांनी मोडून नव्याने केले जातात. वाचनात मागे असलेली मुलगी गणितात पुढच्या गटात असू शकते. उरलेला दिवस सगळी मुले एकत्र बसतात. गट हलते नसतील, तर ते करूच नयेत.

आता प्रश्न उरतो तो हे करायला वेळ कुणाकडे आहे याचा. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे लागेल ते जादा मार्गदर्शन करणे, हे त्यांतले एक आहे. म्हणजे मी इथे जे मागतो आहे ते कायद्यात आहेच. पण हाच कायदा पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक देतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या हजारो वाड्या-वस्त्यांवर एकेक शिक्षक दोन-दोन, कधी चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळतो. त्यातला एक रजेवर गेला की दुसऱ्याकडे पूर्ण शाळा. त्यावर पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, ऑनलाइन अर्ज, मतदारयादीचे काम. कायद्याचे २७वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यांचाच अपवाद ठेवते. तरी निवडणुकीच्या नावाखाली बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम वर्षभर चालते. केंद्रप्रमुख शाळेत येतात ते बहुतेक वेळा माहिती गोळा करायला. ‘सर, या मुलाचे काय करू?’ असे शिक्षकाने विचारावे आणि दोघांनी मिळून तास पाहावा, असा वेळ त्यांच्याकडेही नसतो. समुपदेशक हे पद तर बहुतेक जिल्हा परिषद शाळांनी पाहिलेलेच नाही.

अशा शिक्षकाच्या हाती अध्ययनशैलीची प्रश्नावली ठेवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. ती भरल्याने वैविध्याची दखल घेतल्याचा कागद तयार होतो. लक्ष्मीरामसारखा आपलाच बेत तपासून पाहायचा तर मन शांत लागते, आणि माहिती भरण्यात निम्मा दिवस गेलेल्या माणसाकडे ते कुठून येणार? प्रशिक्षणातून हे प्रकरण आता काढून टाकावे. त्या जागी प्रत्येक मुलाचे वाचन दहा मिनिटांत कसे तपासायचे, वजाबाकीतली चूक पाहून गैरसमज कसा ओळखायचा, चार इयत्तांच्या वर्गात दोन गटांना काम देऊन तिसऱ्याजवळ कसे बसायचे, चिडलेल्या मुलाशी पहिली दोन वाक्ये कोणती बोलायची, हे शिकवावे. आणि ते सभागृहात पडद्यावर न दाखवता खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांसमोर शिकवावे.

यात पालकांचा वाटा मोठा आहे आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या पुढच्या बैठकीला नुसती सही करून उठू नका. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते, ते विचारा. येत नसेल त्यांच्यासाठी रोजचा कोणता तास राखून ठेवला आहे, ते विचारा. शाळेला मंजूर पदे किती आणि रिकामी किती, शिक्षकांचे किती दिवस शाळेबाहेरच्या कामात गेले, हे लिहून घ्या आणि ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. आणि आपल्या मुलाच्या खोडीची तक्रार शिक्षकांकडून आली, तर त्याला मारण्याआधी आणि शिक्षकांशी भांडण्याआधी त्याचे पुस्तक उघडा, शेजारी बसा आणि एक पान त्याच्याकडून वाचून घ्या.